मागच्या दारची ट्रेनी

रोह्याला ज्यांच्या घरी मी सव्वा वर्ष भाड्यानं राहिले, ते काका स्वतःच्याच घरात कधी पुढच्या दारानं यायचे नाहीत. हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले, कारण मी नव्या नोकरीच्या धसक्यात होते आणि मला माझ्या चपलांपलीकडे काही दिसत नव्हतं. घर साधंच होतं. पुढे ओटी, मग माजघर आणि स्वयंपाकघर, मागे पडवी, पडवीच्या टोकाला माझी खोली. मागच्या अंगणात विहीर आणि विहिरीशेजारी कपडे धुवायचा काळा दगड. काका कोथिंबिरीची जुडी आणायला गेले तरी परतताना घराला वळसा घालायचे, दगडाजवळ चपला काढून पाय धुवायचे, गोणपाटावर पुसायचे आणि मागच्या दारानं आत यायचे. ओटीवर पाहुणे बसलेले असले तर त्यांना हात करून पुढे जायचे आणि पाच मिनिटांनी आतून उगवायचे. पाहुण्यांनाही त्याची सवय होती. कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही.

काका एमआयडीसीतल्या एका कंपनीत तीस वर्षं सांडपाण्याच्या प्लांटवर होते. कंपनीतून निघेल ते घाण पाणी टाक्यांत घ्यायचं, त्यात जिवाणू पोसायचे, जिवाणूंनी घाण खाल्ली आणि पाणी निवळलं की ते पुढे सोडायचं, असं काम. जिवाणूंना ते ‘पोरं’ म्हणायचे. “त्या सोमवारी पोरांनी जेवणच टाकलं,” असं काही ते सांगायला लागले की नवख्या माणसाला वाटावं, घरात चारपाच लेकरं असतील. खरा मुलगा एकच होता आणि तो नोकरीनिमित्त गुजरातेत होता.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी काकांनी शिफ्ट सोडली नव्हती. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड. थर्डच्या आठवड्यात ते सकाळी साडेसातला भात-आमटी जेवून, खिडकीला चादर बांधून झोपी जायचे आणि काकू मुकाट्यानं त्या हिशेबानं कुकर लावायच्या. मी एकदा म्हटलं, “काका, आता कोण बोलावतंय तुम्हाला?”

“शरीराला एकदम सांगून चालत नाय गो,” काका म्हणाले. “हळूहळू सोडीन.”

तीन वर्षांत त्यांनी फक्त रविवारचा ओव्हरटाइम सोडला होता.

आणि त्यांचं नाक. काका प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायचे. विहिरीच्या पाण्याचा, तांदळाचा, सकाळच्या पेपरचा. माझा डबा उघडण्याआधी सांगायचे, “आज मुळा कडू निघालाय.” मी चिडून खायचे आणि मुळा कडू असायचा. मी दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले होते. तिथल्या महागड्या यंत्रापेक्षा या नाकावर माझा विश्वास बसत चालला होता, पण ते मी कबूल केलं नाही.

मांजरीचं पिल्लू आणलं हा माझाच आगाऊपणा. आमचं घर पेणजवळ जोहे गावात, वडील तिथल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. जानेवारीत सुट्टीला गेले तेव्हा कारखान्यात मातीच्या पोत्यांमागे मांजर व्यायली होती. तीन पिल्लं कोणीकोणी नेली. चौथी राहिली, कारण ती बसेल तिथे घाण करायची. मालक म्हणाले, मूर्तीवर करायच्या आत हिला पेणच्या मासळी बाजारात सोडा. आमच्याकडे नको झालेलं मांजर मासळी बाजारातच सोडतात. ते उपाशी मरत नाही आणि सोडणाऱ्याला फार वाईट वाटत नाही. मला त्या दिवसांत रोह्यात फार एकटं वाटायचं. संध्याकाळी खोलीत आल्यावर बोलायला भिंती होत्या. मी पिल्लाला मूर्ती पाठवायच्या खोक्यात पेंढ्यावर बसवलं आणि एसटीनं घेऊन आले. वडखळ येईपर्यंत पेंढा दोनदा ओला झाला होता.

काकूंनी खोक्यात डोकावून पाहिलं. “ऱ्हाऊ दे. पण माझ्या घरात घाण केली तर परत पेणला.”

काकू बोलल्या म्हणजे बोलल्या. त्यांची स्वयंपाकघराची फरशी दिवसातून तीनदा पुसली जायची आणि तिच्यावर मीही दबकत चालायचे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला घोर लागला. मी एका घमेल्यात अंगणातली माती भरून खोलीत ठेवली. पिल्लू घमेल्याजवळ जायचं, काठावर पाय ठेवायचं, दचकायचं आणि घमेल्याच्या शेजारी उरकायचं. कधी कॉटखाली. कधी पायपुसण्यावर. एकदा माझ्या कंपनीच्या बुटात. पाय मातीत बुडवून, ओले करून घरभर फिरायचं ते वेगळंच. आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं. तिला मानगुटीला धरून तिचं नाक तिच्याच घाणीजवळ नेलं आणि रागावले.

काका पडवीतून पाहत होते. “कशाला गो नाक घासतेस तिचं? तिला वाटेल, या बाईला हेच आवडतंय.”

“मग काय करू? शिकतच नाही ती.”

“चूक झाली की आधी जागा बघायची. माणूस मागून.”

त्यांनी पाट घेतला, माझ्या दाराशी ठेवला आणि सलग तीन दिवस तिथे बसले. सेकंड शिफ्टचा आठवडा होता, म्हणजे त्यांच्या मते ते ड्युटीवरच होते. पिल्लू कधी खातं, खाल्ल्यावर किती वेळानं हुंगत फिरतं, कुठे थांबतं, हे ते पाहत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. घमेल्याचं बूड गोल, त्यामुळे काठावर पाय ठेवला की ते डुलतं आणि पिल्लू घाबरतं. घमेलं आणि दुधाची वाटी शेजारी शेजारी, तर जेवायच्या जागी कोण बसेल? आणि काकू घमेलं रोज फिनेलनं धुतात. “तुला वाटतं साफ झालं,” ते काकूंना म्हणाले, “तिला वाटतं हितं कुणीतरी मेलंय.”

काकूंना ते आवडलं नाही, पण फिनेल बंद झालं.

मग काकांनी निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचं बूड करवतीनं कापलं. चार बोटं उंच, एका बाजूला दोनच बोटं, म्हणजे पिल्लाला सहज पाय टाकता यावा. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. ते पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि दुधाची वाटी दुसऱ्या टोकाला नेली. माती ओली होऊन पायाला चिकटते म्हणून बाद. भाताचं तूस आणून पाहिलं, तर पिल्लानं ते खेळून माजघरापर्यंत उधळलं. शेवटी काकांनी अंघोळीच्या बंबातली राख चाळून भरली. राख मऊ, बिनवासाची, रोज फुकट मिळणारी. पिल्लानं तिच्यात पाय घातला, हुंगलं, उकरलं आणि पहिल्यांदा योग्य जागी बसलं. मी टाळी वाजवणार होते, काकांनी माझा हात धरला.

“आता हसायचं नाय, वराडायचं नाय. तिला तिचं काम करू दे.”

राखेचे पाय घरभर उमटायला लागले, तेव्हा पिंपासमोर गोणपाटाचा तुकडा आला. दर जेवणानंतर काका पिल्लाला उचलून पिंपाजवळ ठेवायचे आणि म्हणायचे, “चला ट्रेनी, ड्युटीवर.” पहिल्यांदा ती हाक ऐकून मलाच बोलावताहेत असं वाटून मी खोलीतून बाहेर आले होते. तेव्हापासून मी मोठी ट्रेनी आणि ती धाकटी. दहाव्या दिवसापासून धाकटीबद्दल एकही तक्रार राहिली नाही. माझ्याबद्दल लॅबमध्ये तसं म्हणत नव्हते.

लॅबमधले एक वयस्क सहकारी पूर्वी काकांच्या कंपनीत होते. मी कुठे राहते ते कळल्यावर ते हसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. एकदा प्लांटवर एका कंत्राटी कामगारानं चुकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि एका टाकीतले सगळे जिवाणू मेले. चौकशी बसली. नाव सांगा, त्याला काढतो आणि तुम्हाला सुपरवायझर करतो, असं काकांना सांगितलं गेलं. काकांनी साहेबांना टाकीवर नेलं आणि दोन व्हॉल्व्ह दाखवले. दोन्हींना एकच हिरवा रंग होता. “रंग मी लावलाय,” ते म्हणाले. “माझं नाव लिहा.” तो कामगार राहिला आणि काका शेवटपर्यंत ऑपरेटरच राहिले. ऐकून मला अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. इतकं चांगलं वागायची गरज होती का, असं माझं तेव्हाचं मत होतं.

मार्चात वाल निघाले. शेताचा एक लहान तुकडा काका-काकूंचा होता. भात कापलं की त्या ओलीवर काकू कडवे वाल पेरायच्या. वाल झोडपून, वाळवून, त्यांना राख चोळून ठेवली की किडा लागत नाही. एका रविवारी काकू पडवीत जुन्या चादरीवर वाल पसरून बसल्या होत्या आणि मी त्यांना राख चाळून देत होते. हे बी त्यांच्या माहेरचं होतं. माहेर पेणजवळ, भाऊ वारल्यावर भाच्यांनी ते शेत विकलं आणि तिथे गोदाम उभं राहिलं.

“घर नाय, शेत नाय, वहिनी बोलत नाय,” काकू म्हणाल्या. “हे एवढं बी हाय.”

मग त्या आपणहून मागच्या दाराचं बोलल्या. मुलगा पाळण्यात असताना काका कामावरून यायचे ते कपड्यांना, केसांना वास घेऊन. हातावर चट्टे उठलेले असायचे. मुलाच्या अंगावरही पुरळ आलं आणि काकू घाबरल्या. “मी बोलली, मागून या, अंघोळ करा, मग पोराला हात लावा. तेव्हापासून मागूनच येतात. पोरगा मोठा झाला, हे रिटायर झाले. मी कधी सांगितलं नाय की आता पुढून या. त्यांनी कधी विचारलं नाय.”

“मग आता सांगा की,” मी म्हटलं.

काकूंनी राखेचा हात झटकला. “इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं सांगू?”

त्या पाणी प्यायला आत गेल्या. मी चाळण धुवायला विहिरीवर गेले. परत आले तेव्हा धाकटी ट्रेनी दूध-भात खाऊन हुंगत हुंगत पडवीत आली होती. चादरीवर मऊ, चाळलेली, बिनवासाची राख पसरलेली. तिनं खड्डा केला, बसली आणि सगळं नीट झाकून टाकलं. इतकं टापटिपीचं काम तिनं आधी कधीच केलं नव्हतं. मी ओरडेपर्यंत काकू दारात येऊन उभ्या होत्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चादरीकडे पाहत राहिल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, “उद्या सुट्टी काढ. हिला पेणला ने आणि बाजारात सोड.” तेवढ्यात काका विहिरीवरून पाय धुऊन मागच्या दारात आले. काकू त्यांच्याकडे वळल्या. “हे वाल उकिरड्यावर टाका. घाण करणारं माझ्या घरात नको.”

काका उंबऱ्याबाहेरच थांबले. वाक्य मांजरीसाठी होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी ते त्यांच्या चेहऱ्यावर जाऊन लागलेलं मी पाहिलं आणि काकूंनीही पाहिलं. काकूंनी मान खाली घातली.

“तिनं घाण नाय केली,” काका म्हणाले. “शिकवलं तेवढंच केलं. पिंपात राख मी दिली, चादरीवर राख तू पसरलीस. ही राख तिची आणि ती राख वालाची, हे तिला कुणी सांगितलं?”

काकू वाकून चादरीची टोकं गोळा करायला लागल्या.

“पंधरा दिवस दे मला. आणि वाल पण दे.”

“खाणार कोण ते?”

“खायचे नाय. पेरायचे. शेतात काय आपण अत्तर टाकतो?”

काकांनी घाणीभोवतीचे चार ओंजळी वाल काढून खतात टाकले. बाकीचे पटकन धुऊन तीन दिवस विहिरीच्या कट्ट्यावर कडक उन्हात वाळवले. ऊन कलेल तशी चादर सरकवत ते तिथेच बसायचे. मग एकेक दाणा बोटांत फिरवून, हुंगून, डाग असलेला बाजूला केला. इतक्या निगुतीनं काम करणारा माणूस मी आमच्या कारखान्यातही पाहिला नव्हता, आणि तिथे लोक देवाचे डोळे रेखतात. नवी राख चोळून त्यांनी डबा पडवीतल्या फळीवर ठेवला. काकूंनी डब्याला हात लावला नाही. माझ्या खोलीत मी मांजरीला कुशीत घेऊन रडले, कारण पंधरा दिवसांत ती राख विसरेल असं मला वाटत नव्हतं. मासळी बाजाराचा पत्ता मला चांगलाच ठाऊक होता.

वालांवर घाण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी नदीची रेती धुऊन आणली होती. मी म्हटलं, राख फेका आणि सगळी रेती भरा. त्यांनी मान हलवली. “एकदम नाय. माझ्या टाकीत नवं पाणी एकदम सोडलं तर पोरं उपाशी मरायची. थोडं थोडं दिलं की खायला शिकायची.” रोज एक मूठ राख कमी, एक मूठ रेती जास्त. पिंपाची जागा तीच, गोणपाट तेच, हाक तीच. पाचव्या दिवशी धाकटीनं पिंपाशी बसून माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण आत गेली. चौदाव्या दिवशी पिंपात नुसती रेती होती.

पंधराव्या दिवशी काकांनी तीच चादर पडवीत अंथरली, तिच्यावर राख पसरली, काकूंना बोलावलं आणि मांजरीला जेवण दिलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे राहिलो. मांजर आली. चादरीशी थांबली. नाक खाली घातलं. मग कडेकडेनं चादरीला पूर्ण वळसा घालून ती पिंपाकडे गेली, रेतीत बसली, झाकलं आणि गोणपाटावरून चालत निघून गेली.

“हं,” काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या संध्याकाळी मांजरीच्या वाटीत बोंबलाचा तुकडा होता.

पावसाळ्यापर्यंत ती घरभर फिरायला लागली. पुढच्या दारानं जायची, पुढच्या दारानं यायची, ओटीवर पाहुण्यांच्या मांडीवर बसायची. गणपतीत आमच्याच कारखान्यातली मूर्ती आणली. काकांच्या पुतण्यानं ती पुढच्या दारानं आत घेतली, काकूंनी त्याच्या पायावर पाणी घातलं आणि काका हातातलं तबक सांभाळत घराला वळसा घालून मागून धावत आले. ते येईपर्यंत आरती थांबली होती. मांजर मात्र मूर्तीच्या पुढे दोन पावलं आत आली होती. मला ते पाहवलं नाही. जिभेला हाड नसल्यासारखी मी बोलून गेले, “काका, धाकटी परमनंट झाली. तुम्ही अजून मागच्या दारचे ट्रेनीच.”

काका मनापासून हसले. काकू निरांजनाची वात पुढे सारत होत्या, त्यांचा हात थांबला. सबंध आरतीभर मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

भात कापल्यावर काकांनी फळीवरचा डबा काढला आणि वाल पेरले. काकू बांधावर उभ्या होत्या, पेरायला उतरल्या नाहीत. बाराएक दिवसांनी, मी सुट्टी काढून घरी होते तेव्हा, सकाळी त्या एकट्याच शेतावर जाऊन आल्या. पायाला घोट्यापर्यंत वाटेतल्या ओढ्याचा चिखल. माझ्या खोलीच्या दाराशी थांबून म्हणाल्या, “सगळे उगवले गो. एक जागा रिकामी नाय.” आणि तशाच चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या. पुसलेल्या फरशीवर त्यांची पावलं उमटली आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काकांचा फर्स्टचा आठवडा होता. म्हणजे सकाळी सहाला बाहेर, नदीकाठी, चौकात, जुन्या मित्रांकडे, आणि तीन वाजता सुटी. त्या दिवशीही तीन वाजता ते आले, नेहमीप्रमाणे घराला वळसा घातला, दगडापाशी चपला काढल्या, पाय धुतले, पुसले आणि मागचं दार ढकललं. दार उघडलं नाही. पुन्हा ढकललं. मी खिडकीतून पाहत होते.

“कडी लागलीय काय गो?”

“मी लावलीय,” आतून काकू म्हणाल्या. “पुढून या.”

काका तिथेच उभे राहिले. मांजर त्यांच्या पायाशी येऊन बसली. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे. मग चपला हातात घेऊन ते घराच्या कडेनं चालायला लागले. मी घरातून धावत ओटीवर आले. पुढच्या पायरीवर काकूंनी धुतलेलं गोणपाट अंथरलं होतं. मांजर शेपटी वर करून आत गेली. काका गोणपाटावर उभे राहून कोरडे पाय पुसत राहिले. एक पाय, दुसरा पाय, पुन्हा पहिला.

काकू दारात आल्या. “किती पुसाल? या आत. भात निवतोय.”

काका उंबरा ओलांडून आत आले. आत आल्यावर हातातल्या चपला कुठे ठेवायच्या ते त्यांना कळेना. काकूंनी त्या घेतल्या आणि दाराजवळ, माझ्या चपलांशेजारी ठेवून दिल्या.